जुन्या इनबोर्ड बोटीचा डिझेल फिल्टर बदलायचाय, हवा कशी काढायची?

जुनीबोट_नवाहात

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी एक जुनी बोट घेतली, तीस-पस्तीस वर्षांची असेल, आत ४ सिलिंडरचं जुनं मेकॅनिकल डिझेल इंजिन आहे, इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, बंद करायला ओढायची नॉब आहे. आत्तापर्यंत छान चालली. पण गेल्या तीन-चार फेऱ्यांत असं होतंय की सुरू मस्त होतं, हळू चालवलं तर तासभर काही नाही, पण २२०० च्या वर आरपीएम नेला की पाच-दहा मिनिटांत धाप लागल्यासारखं करतं, आरपीएम आपोआप खाली, मग वर, मग परत खाली. थ्रॉटल मागे घेतला की शांत. परवा तर चांगल्या प्रवाहात असताना बंदच पडलं. नांगर टाकला, वीस मिनिटं बसलो आणि नंतर पहिल्या सेल्फला चालू झालं, जसं काही घडलंच नाही. बायको आणि मुलगा सोबत होते, त्यामुळे आता हे नीट केल्याशिवाय बाहेर काढणार नाही.

फिल्टर दोन आहेत. एक टाकीकडून येणाऱ्या लाइनवर भिंतीला लावलेला, खाली पारदर्शक वाटी असलेला. दुसरा इंजिनवर, सीएव्ही कंपनीच्या टाइपचा, वर मधोमध एकच बोल्ट. मी घेतल्यापासून दोन्हीला हात लावलेला नाही आणि आधीच्या मालकाच्या वहीत तेल बदलल्याच्या नोंदी आहेत पण फिल्टरची एकही नाही. पारदर्शक वाटी म्हणतोय खरं पण ती इतकी तपकिरी झालीय की आतलं काही दिसत नाही.

गाडीचं ऑइल, एअर फिल्टर वगैरे स्वतः करतो, पान्यांची सवय आहे. पण डिझेल सिस्टीम कधी उघडलेली नाही. सगळे म्हणतात फिल्टर बदलणं सोपं, हवा काढणं अवघड. नक्की काय क्रमाने करायचं? आणि दोन्ही एकदम बदलू की एकेक?

तेलकट_पाना

तुम्ही जे लक्षण सांगितलंय ते डिझेल कमी पोचण्याचंच आहे. हळू चालताना इंजिनला थोडं डिझेल लागतं, तेवढं तुंबलेल्या फिल्टरमधूनही येतं, आरपीएम वाढवला की पुरत नाही. बंद पडून थोडा वेळ गेला की ओढ कमी होते, गाळ खाली बसतो, म्हणून परत चालू होतं. म्हणजे फिल्टर बदलायचेच, दोन्ही बदला, एकाच दिवशी बदला, हवा दोनदा काढत बसू नका. पण ते का तुंबले हेही त्याच दिवशी बघा.

आधी इंजिन थंड असू द्या. टाकी फिल्टरपेक्षा उंच असेल तर टाकीचा कॉक बंद करा, नाहीतर वाटी उघडली की डिझेल वाहतच राहील. खाली पसरट ट्रे आणि तेल शोषणारे पॅड ठेवा आणि बिल्ज (बोटीचा सगळ्यात खालचा तळ) उपसणाऱ्या पंपाचा ऑटो स्विच तेवढ्यापुरता बंद करा, कारण बिल्जमध्ये सांडलेलं डिझेल पंपाने बाहेर फेकलं की पाण्यावर लांबपर्यंत तवंग जातो.

पहिला फिल्टर, भिंतीवरचा. खालचा ड्रेन उघडून आतलं सगळं एका काचेच्या बरणीत घ्या आणि बरणी पंधरा मिनिटं हलवू नका. हे जरूर करा. वर डिझेल राहील, खाली पाणी बसेल, आणि दोघांच्या मधे काळी, बुळबुळीत सायीसारखी रेघ दिसली तर टाकीत जीवाणू-बुरशी आहे, ती नेमकी पाणी आणि डिझेल जिथे टेकतात तिथेच वाढते. वर टी आकाराचं हँडल असेल (रेकॉर कंपनीच्या ५०० वगैरे फिल्टरला असतं) तर ते फिरवून झाकण काढा, एलिमेंट (आतला गाळणारा भाग) वर ओढा, वाटी आतून पुसा. नव्या एलिमेंटबरोबर झाकणाची मोठी आणि हँडलची बारीक अशा रिंगा येतात, दोन्ही बदला. बारीकवाली बहुतेक लोक विसरतात आणि मग तिथूनच हवा घेते. रेकॉरच्या एलिमेंटवर रंग असतो, लाल ३० मायक्रॉन, निळा १०, तपकिरी २. इंजिनवर दुसरा बारीक फिल्टर आहेच, त्यामुळे इथे १० किंवा ३० घाला. इथेच २ मायक्रॉन घातलात तर गढूळ टाकीत तो फार लवकर भरेल. नंतर वरून स्वच्छ डिझेल काठोकाठ भरा आणि झाकण लावा.

आता सीएव्ही. बाहेरून आधी ब्रशने आणि चिंधीने अगदी लख्ख करा, हेडवरची एक चिमूट घाण आत गेली की ती थेट पंपाकडे जाते. एका हाताने खालची वाटी धरा, दुसऱ्याने वरचा बोल्ट सोडा, एलिमेंट आणि वाटी एकत्र हातात येतील. रिंगा तीन जागी असतात: वर हेडच्या खाचेत एक मोठी, खाली वाटीच्या खाचेत एक, आणि मधल्या नळीवर एक लहान. हेडमधली जुनी रिंग वर्षानुवर्षं दाबून चपटी आणि कडक होते, रंगही धातूसारखा होतो, बघितलं तर खाचेचाच भाग वाटतो. टॉर्च मारा आणि बोट फिरवून बघा. काढायला लाकडी काडी वापरा, स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर ओरखडा आला की तिथून कायमची गळती. नव्या रिंगांना स्वच्छ डिझेलचं बोट लावा आणि एलिमेंट सरळ बसवून बोल्ट घट्ट करा, पण जोर लावू नका, आटे ॲल्युमिनियममधे आहेत.

हवा काढणं हे खरं तर अवघड नाही, क्रम पाळायचा एवढंच. हवा नेहमी टाकीकडून नोझलकडे ढकलत न्यायची. बंद करायची नॉब आत ढकललेली आहे ना ते आधी बघा, ती ओढलेली राहिली तर दिवसभर सेल्फ मारलात तरी नोझलला डिझेल येणार नाही. टाकीचा कॉक परत उघडा. मग सीएव्हीच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करा, फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बाजूला छोटी लिव्हर असते ती हाताने मारत राहा. आधी नुसती हवा फुसफुसेल, मग फेस, मग फेस आणि डिझेल मिसळून, आणि शेवटी बुडबुड्याशिवाय सलग डिझेल. सलग यायला लागलं की लिव्हर मारता मारताच स्क्रू घट्ट करा. लिव्हर अगदी मोकळी लागत असेल, काही जोरच येत नसेल तर पंप खराब झालाय असं समजू नका. कॅमचा उंचवटा पंपाच्या दांड्याखाली आलेला असतो. क्रँकशाफ्ट एक फेरा फिरवा, लिव्हरला जोर येईल.

त्यानंतर मेन पंप, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणारा. पर्किन्स ४-१०८ सारख्या इंजिनांवर जो रोटरी पंप असतो त्याला दोन ब्लीड स्क्रू असतात, एक बाजूला खाली, एक वर गव्हर्नरच्या झाकणावर. दोन्ही सैल करून तीच लिव्हर मारायची, आधी खालचा बंद, मग वरचा. इथपर्यंत नीट झालं तर पुष्कळदा इंजिन इथेच चालू होतं. नाही झालं तर नोझलवरचे दोन पाइपचे नट अर्धा आटा सैल करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, सेल्फ मारा, नटाशी डिझेल झिरपायला लागलं की घट्ट करा. हात त्या नटाजवळ नेऊ नका, चष्मा घाला. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि ते डॉक्टरकडे पळण्याचं काम आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कृपा करून विसरू नका: सेल्फ बराच वेळ मारायची वेळ आली तर समुद्राच्या पाण्याचा सी-कॉक आधी बंद करा. इंजिन फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो, पण इंजिन पेटलेलं नसल्यामुळे ते पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. मफलर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमधे शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मधे स्टार्टरला थंड होऊ द्या. इंजिन पेटलं की त्याच क्षणी सी-कॉक उघडा. मी तर कॉक बंद केला की इंजिनच्या चावीला लाल चिंधी बांधतो, चिंधी सुटल्याशिवाय कॉक उघडला असं मानतच नाही.

शिडाखाली

वरचं सगळं बरोबर, फक्त आधीच डिझेल भरून ठेवण्याबद्दल एक सांगतो. पहिल्या फिल्टरमधे भरा, तिथे जे भरताय ते पुढे अजून एका फिल्टरमधून जाणारच आहे. पण इंजिनवरच्या दुसऱ्या फिल्टरमधे कॅनमधून डिझेल ओतू नका. तिथे मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल म्हणजे न गाळलेलं डिझेल थेट पंपाच्या बाजूला. तुमच्या जुन्या पंपाला कदाचित चालून जाईल, नव्या कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक, फार जास्त दाबाच्या) इंजिनाला तर अजिबात नाही. फीड पंपाची लिव्हर अजून पन्नास वेळा मारावी लागेल, मारा, अंगठा दुखेल पण गाळलेलंच डिझेल आत जाईल.

आणि कुणाकडे स्क्रूसारखा फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर त्याच्या रबराला डिझेल लावून हाताने टेकेपर्यंत आणि पुढे अर्धा-पाऊण फेरा, बस. पान्याने आवळू नका.

बिल्ज_बघा

फिल्टर बदलून झाला की आठ दिवसांनी परत हेच विचारायला याल अशी भीती वाटतेय म्हणून लिहितोय. माझ्याकडे एका मोसमात चार एलिमेंट गेली तेव्हा कुठे मी टाकी बघितली.

पहिली परीक्षा फुकट आहे. पुढच्या वेळी इंजिन धापा टाकायला लागलं की डेकवरचं डिझेल भरायचं झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सुधारलं, तर दोष फिल्टरचा नाहीच, टाकीचा व्हेंट (हवा आत यायची नळी) तुंबलाय. मिठाचे खडे बसतात किंवा किडे घर करतात. डिझेल बाहेर जातंय तितकी हवा आत येत नाही, टाकीत व्हॅक्यूम होतो.

दुसरी, एका स्वच्छ कॅनमधे चांगलं डिझेल घ्या, फीड पंपाकडे जाणारी नळी त्यात बुडवा आणि रिटर्नची नळीही त्याच कॅनमधे सोडा (रिटर्न विसरलात तर कॅन रिकामा होत राहील आणि टाकी भरत राहील). बोट बांधलेली असताना गिअरमधे टाकून लोडवर चालवा. इंजिन अर्धा तास नीट चाललं तर इंजिन निर्दोष, जे काही आहे ते टाकीपासून फीड पंपापर्यंत, पहिला फिल्टर धरून. जुन्या टाक्यांमधे डिझेल ओढायच्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. ती जाळी कुणालाच माहीत नसते आणि सगळा कचरा तिच्यावर येऊन बसतो. इंजिन बंद झालं, ओढ थांबली की कचरा गळून पडतो. तुमची वीस मिनिटांची गोष्ट मला तर तीच वाटते. पुढे फिल्टर आहेतच, त्यामुळे ती जाळी काढून टाकली तरी चालतं.

बरणीत काळी साय दिसली तर बायोसाइड (जीवाणू-बुरशी मारणारं औषध) घाला पण घालायच्या आधी दोन-तीन एलिमेंट जास्तीची बोटीवर ठेवा. मेलेली बुरशी विरघळून जात नाही, चिखल होऊन फिल्टरवरच येते. गाळ जास्त असेल तर टाकी उघडून उपसणं हाच खरा उपाय, औषधाने तळाचं पाणी जात नाही. आणि पाणी आलं कुठून तेही बघा. डेकवरच्या त्या झाकणाची रबरी रिंग बोटाने दाबून बघा, कडक झाली असेल तर प्रत्येक पावसात आणि प्रत्येक वेळी डेक धुताना पाणी टाकीत जातंय.

जमलं तर पहिल्या फिल्टरवर व्हॅक्यूम गेज बसवा. नवीन एलिमेंटवर पूर्ण आरपीएमला काटा कुठे असतो ते लिहून ठेवा. काटा ७ ते १० इंचाकडे (पाऱ्याचे इंच, गेजवर तसे आकडे असतात) सरकला की बदलायची वेळ झाली. इंजिन बंद पडायच्या कितीतरी आधी कळतं. गेज नसेल तर वर्षातून एकदा, किंवा २०० तासांनी, जे आधी येईल ते. ती तपकिरी वाटीही बदला. आतलं पाणी दिसत नाही तर पारदर्शक असण्याचा उपयोग काय. फक्त इंजिन रूममधे असेल तर खाली धातूची ढाल असलेलीच घ्या. आग लागली तर उघडं प्लास्टिक वितळून सगळं डिझेल आगीत ओतेल.

पेट्रोल_इनबोर्ड

हे वाचून कुणी पेट्रोल इनबोर्डवर असंच करायला जाईल म्हणून मधे बोलतोय. कृपया तसं करू नका. डिझेल सांडलं तर घाण होते, पेट्रोल सांडलं तर स्फोट होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, बिल्जमधे खाली साचून राहते आणि वरून वास कमी येतो. बॅटरीचा मेन स्विच बंद करून, सगळी झाकणं उघडून, थंड इंजिनवरच काम करा. सांडलेलं पुसून ती चिंधी बोटीबाहेर ठेवा. फिल्टर बसवल्यावर प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा, आणि चालू करायच्या आधी ब्लोअर (बिल्जमधली हवा बाहेर काढणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवा आणि त्यानंतरही बिल्जमधे नाक घालून वास घ्या. ब्लोअरवर विसंबू नका, नाकावर विसंबा.

गाडीचा काचेचा किंवा प्लास्टिकचा फिल्टर लावू नका, गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटरही लावू नका. दिसायला तोच असतो पण बोटीचा स्टार्टर आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू नये असा बनवलेला असतो, गाडीचा नसतो. नळी बदलायची असेल तर तिच्यावर आयएसओ ७८४० ए१ असं छापलेलं बघून घ्या, ती आगीत अडीच मिनिटं तग धरते. ही नळी डिझेलवाल्यांनीही घ्यावी.

जुनीबोट_नवाहात

सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारी केलं, काय झालं ते सांगतो.

बरणीत पाव भाग पाणी होतं. आणि मधे ती रेघ होतीच, काळी, करंगळीएवढी जाड, बरणी तिरकी केली की काचेला चिकटून एका तुकड्यात सरकत होती. एलिमेंट बाहेर काढलं तर घड्या दिसतच नव्हत्या, सगळीकडे डांबर थापल्यासारखं. इतक्या दिवस त्यातून इंजिन डिझेल ओढत होतं हे बघून वाईट वाटलं.

सगळं सांगितलेल्या क्रमाने केलं. लिव्हरला सुरुवातीला खरंच जोर नव्हता, क्रँक एक फेरा फिरवल्यावर आला, ते वाचलं नसतं तर मी पंप काढून बसलो असतो. सी-कॉक बंद केला, चिंधीही बांधली. नोझलपर्यंत जावं लागलं, दुसऱ्या सेल्फला पेटलं, कॉक उघडला, मागे पाणी पडायला लागलं. दहा मिनिटं सुंदर चाललं आणि बंद पडलं. परत हवा काढली, परत दहा मिनिटं, परत बंद. बाहेर कुठे एक थेंब गळत नाहीये. सगळे जोड कोरडे. आता काय?

तेलकट_पाना

बाहेर कोरडं आहे हीच खूण आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत लाइनमधे ओढ असते, दाब नसतो, त्यामुळे तिथे जोड सैल असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढे गळती असती तर ओली दिसली असती. म्हणजे पहिला फिल्टर आणि त्याच्या मागचापुढचा भाग बघा. झाकणाच्या दोन्ही रिंगा, ड्रेनचा नॉब, नळीच्या टोकांचे क्लिप, तांब्याचे वॉशर जुनेच परत लावले असतील तर तेही बदला. सापडत नसेल तर पहिला फिल्टर आणि फीड पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा, बुडबुडे दिसले तर हवा फिल्टरच्या आधी किंवा फिल्टरमधे, नाही दिसले तर पुढे. शोध लागला की ती नळी काढून टाका, बोटीवर कायम ठेवायची नाही.

जुनीबोट_नवाहात

सापडलं! पारदर्शक नळीत बारीक बुडबुड्यांची माळच येत होती. पहिल्या फिल्टरचं झाकण परत उघडलं, मोठी रिंग नवी, व्यवस्थित. हँडलची बारीक रिंग मी नवी घातली होती पण जुनी काढलीच नव्हती. ती खाचेत इतकी घट्ट चिकटली होती की धातूच वाटली, काडीने टोचल्यावर तुकडे तुकडे होऊन निघाली. नवी रिंग तिच्यावर बसल्यामुळे हँडल पूर्ण खाली जातच नव्हतं. सीएव्हीच्या वेळी टॉर्च मारून बघितलं होतं, इथे बघितलं नाही.

काल बोट बांधलेली असतानाच गिअरमधे टाकून पाऊण तास चालवली, त्यातली वीस मिनिटं २४०० वर. एकदाही आरपीएम हलला नाही. डेकवरच्या झाकणाची रिंग लाकडासारखी कडक निघाली, ती बदलली. टाकीच्या तपासणीच्या झाकणाचे बोल्ट गंजलेत, त्यांना तेल लावून ठेवलंय, पुढच्या रविवारी उघडून गाळ उपसणार आणि ती जाळी आहे का ते बघणार. तोवर दोन एलिमेंट आणि रिंगांचा एक सेट बोटीवर आणून ठेवलाय. बायको-मुलाला घेऊन बाहेर जाणं टाकी साफ झाल्यावरच.

बिल्ज_बघा

टाकी उघडलीत की नळीचं टोक तळापासून किती वर आहे तेही मोजा. तळाला टेकलेलं असेल तर दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या, म्हणजे पुढे जे पाणी साचेल ते आधी ड्रेनमधून काढता येईल. आणि ती बरणी फेकू नका, झाकण लावून ठेवा, साफ केल्यावर महिन्याभराने परत एक बरणी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. फोटो टाका इथे.